चौथ्या मजल्यावरचा रहिवासी

आमच्या घरी मी राहत नाही, हे मला सरकारकडून कळलं.

तसं पत्रच आलं होतं. बायकोचा आणि मुलीचा नागरिकत्वाचा अर्ज मंजूर, हार्दिक अभिनंदन, शपथेला वेळेवर हजर राहावे. माझा अर्ज नामंजूर. कारण, 'अर्जदार सदर पत्त्यावर वास्तव्यास असल्याचे आढळून येत नाही.' हे पत्र मी वाचलं कुठे, तर सदर पत्त्यावर, सदर पत्त्यावरच्या खुर्चीत बसून, सदर पत्त्यावरचा चहा पीत.

"म्हणजे मी आहे कुठे मग?" मी बायकोला विचारलं.

"ते मी लग्न झाल्यापासून विचारतेय," ती म्हणाली आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेली.

खरं सांगायचं तर सरकारचीही यात फारशी चूक नव्हती. मी लिफ्ट बसवणारा माणूस. कंपनी या देशातली, पगार या देशातला, कर इथेच भरायचा, पण उंच इमारती मेल्या सगळ्या दुसऱ्याच देशांत बांधल्या जात होत्या. महिना दीड महिना तिकडे, मग चार दिवस घरी, तेवढ्यात कपडे धुऊन, वाळवून पुन्हा बॅग. अशी आठ वर्षं गेली. मधल्या काळात मुलगी झाली, चालायला लागली, शाळेत जाऊ लागली, आणि प्रत्येक वेळी मी आलो की ती वाढलेली असायची. मला वाटायचं, आपलं घर आहे, घरात माणसं आहेत, म्हणजे आपण तिथे राहतोच. राहणं ही वेगळी करायची गोष्ट असते हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्यातून मी नसताना चौकशीचे साहेब येऊन गेले होते. त्यांनी पहिल्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, वरती कोण राहतं? पियानोबाई म्हणजे अत्यंत सत्यवचनी. त्यांनी सांगितलं, "चौथ्या मजल्यावर एक बाई आणि एक मुलगी राहतात. एक गृहस्थ अधूनमधून बॅग घेऊन येतात. दोन-चार दिवस थांबतात आणि जातात. दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत मी लक्ष घालत नाही."

हे बाईंनी स्वतःच माझ्या बायकोला जिन्यात सांगितलं, आणि वर "काळजी करू नका, मी तुमची बाजू सांभाळून घेतली" असंही म्हणाल्या. त्यावर बायको तीन दिवस हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

नागरिकत्वाच्या कचेरीत खिडकीपलीकडे जे साहेब बसायचे त्यांच्या कोटाच्या कॉलरला ओळीने टाचण्या खोचलेल्या असत. एखादा कागद आला की ते एक टाचणी उपसत आणि कागदाला भोसकत. मी त्यांचं नाव मनातल्या मनात टाचणीसाहेब ठेवलं होतं.

"साहेब, मी कर इथे भरतो," मी म्हणालो.

"कर पोस्टानेही भरता येतो."

"माझं कुटुंब इथे राहतं."

"त्यांना आम्ही दिलंच आहे नागरिकत्व."

"माझे सगळे कपडे इथल्या कपाटात आहेत हो!"

"कपड्यांनी अर्ज केला तर विचार करू." त्यांनी माझा पासपोर्ट चाळला. त्याची पानं शिक्क्यांनी इतकी भरली होती की नवा शिक्का जुन्याच्या अंगावर बसत होता. "परदेशात राहता म्हणावं, तर तिथेही तुम्ही कुठे धड राहिलेले नाही. मग राहता कुठे तुम्ही?"

"कामावर."

"त्या देशाचं नागरिकत्व इथे मिळत नाही," ते म्हणाले आणि टाचणी उपसली.

नियम असा होता, की देशाची हद्द न ओलांडता सलग एक वर्ष काढायचं. मग पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी. आणि त्या चौकशीत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून हा माणूस इथे राहतो असं निघायला हवं.

एरवी मी म्हटलं असतं, गेलं उडत. पण कंपनी इथलं बस्तान गुंडाळायच्या तयारीत होती. माझा राहण्याचा परवाना कंपनीच्या नावावर. कंपनी गेली की मीही जाणार. बायकोला इथल्या इस्पितळात पक्की नोकरी, मुलगी इथल्याच भाषेत स्वप्नात बडबडायची. म्हणजे दोन नागरिक एका बाजूला आणि मी सीमेच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून त्यांना हात करणार, असं ते चित्र होतं. झोप उडाली माझी.

कंपनीतल्या साहेबांकडे जाऊन मी म्हणालो, वर्षभर मला कुठे पाठवू नका. साहेब म्हणाले, "इथे बसून करण्यासारखं काम म्हणजे फक्त सुट्या भागांचा काउंटर." ज्या माणसाने तीस-तीस मजल्यांच्या इमारतींत लिफ्ट सोडल्या, तो आता लिफ्टची बटणं पुडीत बांधून देऊ लागला. 'वर'चं बटण जास्त खपतं, 'खाली'चं कमी. माणसं खाली पायी येतात. माझ्या त्या वर्षातल्या ज्ञानात एवढीच भर पडली.

संध्याकाळी साडेपाचला मी घरी! रोज! पहिला आठवडा सगळ्यांना कौतुक वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. तिसऱ्या आठवड्यात बायकोने ते परत पहिल्यासारखे लावले आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही जरा बाहेर जाऊन राहा ना. राहायचं म्हणजे काही घरातच राहिलं पाहिजे असं आहे का?"

मुलगी तर एकदा माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "बाबा, या वेळी तुम्ही खूपच दिवस थांबलात."

मग मी आमच्याखाली तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ट्रामवाल्या काकांचा सल्ला घेतला. काकांनी आयुष्यभर ट्राम चालवली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ते खुर्चीत बसताना डाव्या हाताने काहीतरी धरल्यासारखे बसायचे. पत्नी वारल्यापासून एकटेच होते.

"लोकांच्या नजरेत भरलं पाहिजे," काका म्हणाले. "मी एकच रस्ता तीस वर्षं केला. सगळं गाव मला ओळखायचं. तू लोकांच्या उपयोगी पड. सगळ्यांच्या उपयोगाचं असं काहीतरी कर."

दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "रोज संध्याकाळी गॅलरीत उभे राहून जोरात बोलत जा." हा सल्ला मी दोन दिवस अमलात आणला. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, एक तर हे बंद करा, नाही तर मी चौकशीला आलेल्या माणसाला सांगते की मी यांना ओळखत नाही.

तेव्हा उपयोगी पडायचं ठरलं. आणि उपयोग तर समोरच लोंबकळत होता. आमच्या इमारतीला लिफ्ट होती. लोखंडी जाळीचं दार, आत लाकडी फळ्या, एक वाकडा आरसा. पण ती कित्येक वर्षं बंद होती, आणि तळमजल्यावर तिच्यात पियानोबाई झाडांच्या कुंड्या ठेवत. एवढी वर्षं मी जगभर लिफ्टा बसवत हिंडलो आणि घरी मात्र बॅग घेऊन चार जिने चढत होतो. मी रहिवाशांची सभा बोलावली. सभा म्हणजे जिन्यात चार माणसं. मी जाहीर केलं, "एका आठवड्यात लिफ्ट चालू करून देतो. फुकट."

माझ्या आयुष्यात 'एका आठवड्यात' हे शब्द मी त्यानंतर कधीही उच्चारलेले नाहीत.

पहिली अडचण म्हणजे नगरपालिकेची परवानगी. लिफ्टचं काम त्या इमारतीच्या रहिवाशानेच काढायला हवं, असा नियम. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "रहिवासी असल्याचा पुरावा?"

मी म्हणालो, "तो मिळावा म्हणूनच लिफ्ट दुरुस्त करतोय."

"मग तो मिळाला की लिफ्टच्या परवानगीसाठी या."

शेवटी परवानगी बायकोच्या नावावर काढावी लागली. ती नागरिक ना! अर्जात तिच्या नावापुढे 'काम करणार' आणि माझ्या नावापुढे 'मदतनीस' असं लिहिलं गेलं. बायकोने तो कागद चौकटीत घालून लावायचा ठरवलं होतं. मीच लावू दिला नाही.

मग काम सुरू झालं. सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी लिफ्टच्या विहिरीसारख्या खोबणीत उतरायचो. पहिल्याच दिवशी मोटर तपासताना सगळ्या इमारतीची वीज गेली, आणि दातांच्या डॉक्टरांचं यंत्र एका गृहस्थाच्या दाढेत असताना बंद पडलं. ते गृहस्थ आ वासून जिन्यात आले आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. तोंड बंद करता येत नव्हतं म्हणून नेमकं काय ते कळलं नाही, पण भावना पोचली. दोन दिवसांनी ग्रीसचा डबा उलटला आणि ग्रीस जिन्याच्या सतरंजीवरून अगदी शिस्तीत एकेक पायरी उतरत पियानोबाईंच्या दारापर्यंत गेलं. त्यांच्या विद्यार्थिनी ग्रीसच्या बुटांनी आत शिरल्या आणि पियानोची पेडलं इतकी गुळगुळीत झाली की पाय ठरेना.

बाईंनी मला बोलावून समजावलं, "शेजारी, तुम्ही पूर्वी किती सज्जन होतात. कधी दिसायचाच नाहीत."

तरीही लिफ्ट तीन महिन्यांनी हलली. पहिला मान वयाने मोठ्या म्हणून पियानोबाईंना दिला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट थांबली. बाई घाबरल्या नाहीत. त्या वरच्या पट्टीत स्वर लावून उभ्या राहिल्या, म्हणजे त्या शुद्धीवर आहेत हे आम्हाला कळत राहावं. मी हाताने चाक फिरवून त्यांना खाली आणेपर्यंत तो एकच स्वर चालू होता. रस्त्यावर माणसं थांबली होती.

याच सुमारास आईचा फोन आला. ती जुन्या देशात, जुन्या घरात, एकटीच राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं.

"तू येतोयस ना?" तिने विचारलं.

हद्द ओलांडली की वर्ष पहिल्यापासून मोजायचं, आणि तेवढा वेळ कंपनी थांबणार नव्हती. मी तिला सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे तिथले लोक तुला घ्यायला तयार नाहीत?" आई म्हणाली. "इतका काही वाईट नाहीस तू. मी बोलू का त्यांच्याशी?"

फोन बायकोने घेतला. "आई, मी येते," ती म्हणाली. "मला जाता येतं. मुलीची सुट्टीच आहे." आणि माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, "अहो, ती तुमची बॅग कुठे आहे?"

दोघी गेल्या. मी दारात उभा राहिलो, जिन्यावरून माझीच बॅग खाली जाताना पाहत. दार लावून आत आलो तर घर एवढं मोठं वाटायला लागलं की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला काहीतरी कारण शोधावं लागेल. ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पहिल्या दिवशी मुलीने खुर्चीवर टाकलेला झगा मी घडी करून ठेवला, आणि मग पुन्हा उलगडून होता तसाच खुर्चीवर टाकला.

संध्याकाळी मी ट्रामवाल्या काकांकडे जाऊ लागलो. ते दोघांचं जेवण करायचे, मी भांडी घासायचो, मग पत्ते. काका पत्ते वाटतानाही थांबे पुकारायचे. "बाजारपेठ! उतरून घ्या! पुढे इस्पितळ!" एकदा मी विचारलं, "काकी असताना तुम्ही घरी किती वाजता यायचात?" ते म्हणाले, "शेवटची फेरी झाली की. पण आमचा रस्ता याच घरावरून जायचा. दर फेरीला ती खिडकीत यायची. मी घंटा वाजवायचो. तीस वर्षं आमचा संसार बराचसा घंटेवर झाला." मग त्यांनी पुढचा डाव थांबे न पुकारता वाटला.

आईच्या डोळ्यांचं सगळं नीट झालं. बायको आणि मुलगी परत आल्या तेव्हा मी घर झाडून, पुसून, दारात उभा होतो. मुलगी आत येताच म्हणाली, "बाबा, घराचा वास बदललाय." तो ग्रीसचा होता.

वर्ष पुरं झालं. मी पुन्हा अर्ज केला. लिफ्टही एव्हाना बऱ्यापैकी चालत होती. एक जुना भाग काही केल्या मिळाला नव्हता, त्यामुळे कोणतंही बटण दाबलं तरी ती प्रत्येक मजल्यावर थांबायची, दार उघडायची, थोडा विचार करायची आणि मगच पुढे जायची. आमच्या काउंटरवर जगातले सगळे भाग होते, तेवढा एक सोडून.

एके शनिवारी सकाळी मी तळमजल्यावर दिवा बदलत असताना मागून आवाज आला, "अर्जदार आपणच ना?" वळून पाहतो तो टाचणीसाहेब! कॉलरला टाचण्या तशाच. त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून ते जिन्याऐवजी लिफ्टकडे वळले. मी दार लावलं, चौथ्याचं बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

पहिला मजला. दार उघडलं. समोर पियानोबाई. "बरे सापडलात, शेजारी! सकाळी सातला कसली ठोकाठोक चालते तुमची? रविवार नाही, सुट्टी नाही!" मग त्यांची नजर साहेबांकडे गेली. "तुम्ही तक्रारीसाठी आलात का? मग लिहून घ्या. हे गृहस्थ जातच नाहीत कुठे! पूर्वी जायचे. आता सदान् कदा इथेच!"

दार लागलं. साहेबांनी खिशातून वही काढली.

दुसरा मजला. दातांचे डॉक्टर हातात चिमटा घेऊन उभे. "अहो, वीज घालवायची तर आधी सांगून घालवत जा. परवा पुन्हा माझा एक पेशंट पळाला. वर्षभरात तुमच्यामुळे किती दाढा वाचल्या याची तुम्हाला कल्पना नाही."

साहेब लिहीत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, पण खाली लिफ्टची खोबण होती आणि ती मीच साफ केलेली होती.

तिसरा मजला. ट्रामवाले काका. त्यांनी साहेबांना पाहिलं, मी सांगितलेल्या टाचण्या पाहिल्या आणि सगळं ओळखलं. जिवाभावाचा माणूस, मदत केल्याशिवाय राहवेना. "हा ना? हा इथेच राहतो," काका ठासून म्हणाले. "माझ्याकडेच राहतो! इथेच जेवतो, इथेच पत्ते खेळतो!"

साहेबांची पेन्सिल थांबली. "अर्जात तर चौथा मजला आहे."

"तिथे झोपायला जातो फक्त," काका म्हणाले आणि मला डोळा मारला. दार लागलं.

एक वर्ष, आईचं ऑपरेशन, बटणांच्या पुड्या, सगळं त्या एका वाक्यात बुडालं असं वाटलं. चौथ्या मजल्यावर दार उघडलं तर बायको कमरेवर हात ठेवून उभी. तिला साहेब दिसलेच नाहीत.

"दिवा बदलायला एवढा वेळ? आणि मोरीतला तो पाना कधी हलणार? डब्यांना परत हात लावलात ना तुम्ही? मी आता काय सांगू, हे घर आहे की तुमचं कारखान्याचं..." मग तिला टाचण्या दिसल्या. ती गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, हिने बोलत राहावं.

साहेबांनी वही मिटली. त्या वाकड्या आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वास्तव्याबद्दल माझी खात्री झाली," ते म्हणाले. "पाहुण्याशी लोक इतकं वाईट वागत नाहीत."

चहा मात्र त्यांनी घेतला नाही. नियमात बसत नव्हता. उतरताना जिन्यानेच गेले.

आता ती इमारत सुटली. कंपनी गेली, मी नगरपालिकेतच लिफ्ट तपासनीस झालो, मुलीची शाळा बदलली तसं आम्ही घर बदललं. काका गेले. पियानोबाई त्यांच्या भाचीकडे राहायला गेल्या. नवीन घरातली लिफ्ट बटण दाबलं की सरळ आपल्या मजल्यावर जाते, मधे कोणीही भेटत नाही. चांगली आहे. पण चढताना मला उगाचच वाटतं की आता दार उघडेल आणि कोणीतरी रागावेल.

शपथ घेतली तेव्हा कचेरीतल्यांनी माझा जुना पासपोर्ट घेऊन त्याचा कोपरा कापला. छोट्या कात्रीचा एवढासा आवाज. नवा हातात आला, त्यात एकही शिक्का नव्हता. पहिला शिक्का कुठला मारायचा हे मी ठरवलंच होतं.

आईच्या देशात उतरलो तेव्हा परदेशी लोकांच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? मी माझ्या आईच्या भाषेत उत्तर दिलं, "आईला भेटायला." त्याने मान वर करून पाहिलं, मग पासपोर्टकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

आई दारातच उभी होती. नव्या डोळ्यांनी तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, केस किती पिकलेत ते पाहिलं, हात धरून आत नेलं आणि खुर्चीत बसवलं.

"किती दिवस आहेस?"

"तीन आठवडे."

"जायचा दिवस धरून की सोडून?"

"धरून," मी म्हणालो.

"तो नाही धरायचा," आई म्हणाली. "त्या दिवशी तू सकाळपासून बॅगेतच असतोस."